अर्धा घोडा तुमच्याकडे

४ जानेवारी

भाऊजी,

नमस्कार. तीनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. उचलणार नाही हे माहीतच होतं. घरी फोन वाजला की तुम्ही त्याच्याकडे पाल बघितल्यासारखं बघता, असं तुमची बायको ऑफिसात सांगायची. म्हणून हे पत्र.

कामाचं आधी लिहिते. ऑफिसच्या क्लबची परीकथेची पार्टी यंदा आठ फेब्रुवारीला आहे. यादी नोटीस बोर्डावर लागली आहे. वीस तारखेपर्यंत ज्याने त्याने आपण कोण होणार ते लिहायचं. रोखपाल नेहमीप्रमाणे राजा. मीटर तपासणारे ते उंच गृहस्थ राक्षस. त्यांना वेगळं काही करावंच लागत नाही. मोठे साहेब परी होणार अशी कुजबुज आहे, पण त्यांनी अजून लिहिलेलं नाही, नुसते यादीपाशी घुटमळतात आणि कोणी आलं की पाण्याचं वेळापत्रक वाचल्यासारखं करतात.

सहा वर्षं मी आणि ती उडता घोडा होतो. ती पुढे, मी मागे. तोंड आणि शेपूट. आख्खा तक्रार कक्ष आम्हाला याच नावाने हाक मारायचा. तुम्हीसुद्धा घरी मला शेपूटच म्हणायचात, तेही मला माहीत आहे.

ती जुलैत आपल्याला सोडून गेली. ऑक्टोबरपासून तिच्या खुर्चीवर भांडारातून बदलून आलेल्या बाई बसतात. आम्ही त्यांना भांडारवाल्या बाईच म्हणतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, गुडघे कुरकुरतात, पण बाई हौशी. परवा मी भीत भीत विचारलं, घोड्याचं तोंड होता का? तर म्हणाल्या, "जन्मभर नळाच्या तोट्या मोजल्या, आता एकदा घोडा होऊन बघते."

धड, चार पाय, पंख आणि शेपूट माझ्या कपाटात आहेत. डोकं तुमच्याकडे आहे. ते पाठवाल का? की मी येऊन नेऊ?

तब्येत सांभाळा. जेवता ना वेळेवर?

तुमची,
शेपूट

---

११ जानेवारी

ताई यांस,

पत्र मिळालं. फोन उचलला नाही त्याबद्दल दिलगीर आहे.

डोकं माळ्यावर होतं. आपल्या पत्रानंतर खाली काढून पाहिलं. आयाळीला कसर लागली आहे आणि डाव्या कानाची शिवण उसवली आहे. अशा स्थितीत ते चारचौघांत नेणं बरं दिसणार नाही.

परीकथेत पात्रांना तोटा नाही. आपण या वर्षी चेटकीण व्हावं असं सुचवतो. एक काळा कोट आणि पुठ्ठ्याची टोपी एवढ्यात काम होतं. भांडारवाल्या बाईंना बसून करता येईल असं काही द्यावं, म्हणजे राणी किंवा झोपलेली राजकन्या. गुडघ्यांच्या दृष्टीने ते सोयीचं पडेल.

एक विचारतो. त्या बाईंची उंची किती? ते डोकं हिच्या मापाचं आहे. मानेचा घेर, हनुवटीखालचा पट्टा, सगळं हिला समोर उभं करून घेतलेलं माप आहे. त्यातले दात मी केले आहेत हे आपणास माहीतच आहे. तीस वर्षं मी कवळ्या करतो. डॉक्टर साचा पाठवतात, मी दात बसवून परत देतो. एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात बसत नाही. आणि माणूस गेल्यावर त्याची कवळी मागायला आजवर कोणी आलेलं नाही.

खुर्ची रिकामी झाली की तिच्यावर कोणीतरी बसतं, त्याला इलाज नाही.

जेवण वेळेवर होतं.

आपला नम्र

---

१५ जानेवारी

भाऊजी,

चेटकीण सुचवल्याबद्दल आभारी आहे. घरी आरशात बघितलं. टोपीसुद्धा लागणार नाही.

तुमचं पत्र भांडारवाल्या बाईंना वाचून दाखवलं नाही. उंचीचं मात्र विचारलं. पाच फूट दीड इंच. ती पाच फूट होती. दीड इंचाने घोडं अडणार असेल तर तसं सांगा, बाईंना वाकून चालायला सांगते.

आता रागावू नका, पण मला बोलायचंच आहे. ते डोकं तुमचं कधीपासून झालं? कापड मी आणलं. पांढरं मखमलीसारखं, दुकानातला शेवटचा तागा, त्यावर एक पिवळा डाग होता तो पोटाखाली घेतला. शिवलं माझ्या मशीनवर, माझ्या स्वयंपाकघरात, सलग आठ रविवार. पंखांना माझ्या दोन छत्र्यांच्या काड्या गेल्या. ती कातरायची, मी शिवायचे, आणि मध्येच ती माझ्या ओट्यावर बसून पाय हलवत चहा प्यायची. तेव्हा तुम्ही कुठे होतात? घरी, वर्तमानपत्र वाचत. दात तुम्ही दुसऱ्या वर्षी केलेत. दात म्हणजे काही सगळा घोडा नव्हे.

अर्धा घोडा तुमच्याकडे आहे आणि अर्धा माझ्याकडे. नुसतं डोकं घेऊन तुम्ही काय करणार? आणि नुसत्या धडाचं मी काय करू?

मी यादीत 'उडता घोडा' लिहून टाकलं आहे. शाईने.

साहेबांनी अजून लिहिलेलं नाही.

तुमची,
शेपूट

ता. क. कसरीला कापराची वडी ठेवा. पण तिथे कसर नाहीच, मला माहीत आहे. आयाळ नायलॉनची आहे.

---

२२ जानेवारी

ताई यांस,

आयाळ नायलॉनची आहे हे मी विसरलो होतो.

मी फार लिहिणारा माणूस नाही. पण आपण विचारलंत की तेव्हा मी कुठे होतो, म्हणून लिहितो. ते आठही रविवार मी घरीच होतो. ही दुपारी जेवण आटोपून जायची ती दिवेलागणीला यायची. अंगावर पांढरे धागे चिकटलेले असायचे. काय बोलता एवढं दिवसभर, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "काही नाही हो, असंच." आमच्याकडे ती 'असंच' काही बोलत नसे. माझ्यासमोर ती शांत असायची. मला वाटायचं, तिचा स्वभावच शांत आहे.

पार्टीला मी दरवर्षी येत होतो. दरवाजाजवळच्या भिंतीला टेकून उभा राहायचो, हातात हिचा कोट आणि पर्स. घोडा क्लबच्या हॉलला तीन फेऱ्या मारायचा. त्याच्या पोटातून हसणं ऐकू यायचं. दोघींचं. लोकही हसायचे, पण ते घोड्याला हसायचे. आत कशाला हसताहेत ते कोणालाच माहीत नसायचं. घरी आल्यावर मी विचारायचो. ती म्हणायची, "ते आतच राहायचं असतं."

बावीस वर्षांच्या संसारात मला न सांगितलेलं असं तिच्याकडे फारसं काही नसेल. हे एक होतं.

एक गोष्ट मात्र माझी होती. प्रत्येक फेरीला माझ्यासमोर आल्यावर घोडा थांबायचा आणि मान खाली घालायचा. एवढ्या गर्दीत ती मला शोधून काढायची आणि नमस्कार करायची. दुसऱ्या कोणासमोर घोडा थांबत नसे, मी नीट पाहिलं आहे. ते आठ महिने, दहा महिने मला पुरायचं.

डोकं या पत्राबरोबर पार्सलने पाठवत आहे. आपण म्हणता तसा त्यातला मोठा भाग आपलाच आहे. दात माझे आहेत. ते काढून घेतले आहेत.

आपला नम्र

---

२७ जानेवारी

भाऊजी,

पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर आलं. सगळ्यांनी टेबलाभोवती गर्दी केली. मी दोरी कापली, कागद काढला, आणि रोखपाल ओरडले, "अहो, घोड्याचं बोळकं झालं की!" सगळे पोट धरून हसले. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

तुमच्या हाताला काम आहे हे मान्य. कापड कुठे ओढलं नाही, एक टाका उसवला नाही. बारीक हत्याराने शांत बसून काढलेत. माणूस रागात एवढं नीट काम करत नाही. म्हणजे तुम्ही रागात नव्हता, ठरवून केलंत.

परत आले तर भांडारवाल्या बाईंनी डोकं घातलेलंच होतं. आणि त्या काय म्हणाल्या सांगू? "अगबाई, किती स्वच्छ दिसतंय आतून!"

मी हे तुम्हाला कधीच सांगणार नव्हते. तिने शपथ घातली होती. पण ज्या माणसाने मला बोळकं घोडं पाठवलं त्याच्यासाठी मी कशाला तोंड मिटून बसू?

घोड्याचे डोळे म्हणजे नुसती बटणं आहेत, तीही कपाळावर. आतल्या माणसाला दिसायचं ते घोड्याच्या तोंडातून. पहिल्या वर्षी तोंड उघडं होतं, आत काळी जाळी लावली होती, तिला सगळं दिसायचं. दुसऱ्या वर्षी तुम्ही दात करून दिलेत. वरची ओळ, खालची ओळ, दोन्ही एकमेकींवर घट्ट बसलेल्या. सुईसुद्धा आत जाणार नाही. त्या दिवसापासून तिला काही दिसत नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही. पाच वर्षं ती आंधळी चालली.

मी म्हटलं, समोरचे दोन दात काढू या, कोणाला कळतंय? म्हणाली, "हात लावायचा नाही. त्यांनी केलेत." मी म्हटलं, निदान त्यांना सांग. तर म्हणाली, "पंधरा दिवस जेवणानंतर बसून केलेत. दाखवताना त्यांचा चेहरा तू बघितला नाहीस." एवढ्यावर विषय संपला. मैत्रीण पडली तरी चालेल, पण दातांना धक्का नको! मी त्या दातांवर पाच वर्षं जळले, भाऊजी. तुम्ही आत हसण्यावर जळत होतात ना? मग हेही ऐका.

तिला मी चालवत होते. कमरेवर डावीकडे थाप मारली की डावीकडे, उजवीकडे मारली की उजवीकडे, दोन्हीकडे म्हणजे थांब. मला पोटाच्या शिवणीतून फक्त जमीन दिसायची, आणि बूट. मी बुटांवरून माणसं ओळखायचे. ती विचारायची, "आले का गं आमचे हे?" तुमचे ते तपकिरी, नाडीचे बूट दिसले की मी चिमटा काढायचे. मग ती मान वाकवायची.

तिने तुम्हाला गर्दीतून शोधलं नाही. मी शोधलं.

आता लिहितेच आहे तर शेवटचं. जुलैमध्ये दवाखान्याच्या फाटकापाशी तुम्ही मला सांगितलंत, "तिला कोणी भेटायला नकोय." मी पिशवी तुमच्या हातात दिली आणि मागे फिरले. पुन्हा आले नाही. तिला त्रास नको म्हणून. ऑफिसात सगळ्यांना मीच सांगत होते, कोणी जाऊ नका, तिची इच्छा नाही. मी सात महिने मनाशी विचार करते आहे की माझं काय चुकलं, मी तिला का नकोशी झाले.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. पार्टी होईल, बोळक्या घोड्याची का होईना.

शेपूट

---

३ फेब्रुवारी

ताई यांस,

आपलं पत्र चार दिवस कामाच्या टेबलावर होतं. या चार दिवसांत हातून दोन कवळ्या बिघडल्या. माझ्याकडून असं होत नाही.

दातांविषयी आधी लिहितो, कारण ते सोपं आहे.

आमच्या कामात दोन दातांमध्ये फट राहिली की काम नापास. अन्न अडकतं, बोलताना हवा निसटते. वरची ओळ खालच्या ओळीवर चोख बसली पाहिजे. मी पशुवैद्याकडे जाऊन घोड्याच्या दातांचं चित्र पाहून आलो होतो. मेणात एकेक दात कोरला. दोन्ही ओळी बसवून दिव्यासमोर धरल्या आणि मधून उजेड येत नाही याची खात्री केली. उजेड आला नाही म्हणून मला आनंद झाला. ते दात घोड्याचं तोंड आहे हे माझ्या लक्षात होतं. ते हिचे डोळे आहेत हे लक्षात नव्हतं. मी ते डोकं एकदाही स्वतः घालून पाहिलं नाही.

ती दर वर्षी पार्टीहून आल्यावर म्हणायची, "सगळे तुमच्या दातांचंच कौतुक करत होते." ते खरं असेल असं अजूनही वाटतं. नसलं तरी आता विचारायला नको.

मान वाकवण्याचं आपण लिहिलंत ते वाचून पहिल्यांदा मला आपला फार राग आला. माझ्याकडे तेवढंच होतं आणि तेही आपण नेलंत असं वाटलं. मग आपल्या पत्रातली ती दुसरी ओळ पुन्हा वाचली. "आले का गं आमचे हे?" ही ओळ आपण लिहिली नसती तरी चाललं असतं. रागाच्या भरात माणूस एवढं देत नाही.

आता अवघड भाग.

तिला कोणी भेटायला नकोय, असं ती कधीच म्हणाली नाही. ते मी म्हणालो.

आपण फाटकाशी आलात तो पाचवा दिवस. एकूण एकोणीस दिवस ती तिथे होती. डॉक्टरांनी मला दुसऱ्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी मनाशी हिशेब केला की आता जे थोडे दिवस आहेत ते माझे. ऑफिसने तिला रोज आठ तास घेतलं, आपण रविवार घेतलेत, हसणं घेतलंत. हे तरी माझं. आपण वर आला असतात तर ती हसली असती. मला ते पाहायचं नव्हतं. मी फाटकाशी आलो तेव्हा जिन्यावर वाक्य तयार करूनच उतरलो होतो.

पिशवीत आपण दिलेली लोकरीची टोपी होती. ती मी तिला दिली. कोणी दिली ते सांगितलं नाही.

ती आपल्याबद्दल विचारत होती. किती वेळा, ते मी मोजलं नाही, कारण मोजायचं नव्हतं. मी म्हणायचो, कामाचा फार ताण आहे त्यांना, पाइपलाइन फुटली आहे, तक्रारी फार आहेत. ती म्हणायची, "हो, तिथे आता ती एकटीच." तिला ते पटायचं.

शेवटचा शुक्रवार, दुपारी तीनच्या सुमारास, ती म्हणाली, "शेपटीला बोलवा ना. पुढचं काही दिसत नाही मला." मी नर्सला बोलावलं. नर्स म्हणाली, औषधाने असं होतं, भलतंसलतं बोलतात. मलाही तसंच वाटलं. आणि खरं सांगायचं तर, इतक्या गोष्टी सोडून हिला त्या घोड्याची आठवण यावी याचं मला वाईट वाटलं. मी तिचा हात धरून म्हणालो, "मी आहे ना इथे." साडेचारला गेली.

आपलं घर तिथून वीस मिनिटांवर आहे. आपण पोहोचला असतात.

ते भलतंसलतं नव्हतं, हे मला आपल्या पत्रावरून कळलं. कोणाला आणि कशासाठी बोलवायचं, ते तिला नीट माहीत होतं.

आपण क्षमा करावी असं लिहिणार होतो. पण ते मागायला मला तोंड नाही. दात या पत्राबरोबर पाठवत आहे. लावायचे की टाकायचे हे आपण ठरवावं. लावायचे असल्यास मागची पट्टी कोमट पाण्यात धरून दाबावी, बसतील.

आपला

---

२१ फेब्रुवारी

भाऊजी,

अठरा दिवस लिहिलं नाही. रोज लिहायला घेतलं.

पार्टीचं आधी सांगते, मीही सोपं आधी लिहिते. साहेब परी झाले. खरंच झाले. चंदेरी पंख, हातात काठी, आणि चेहरा मात्र अर्ज नामंजूर करतानाचा. पहिलं बक्षीस त्यांना. दुसऱ्या कोणाला द्यायची कोणाची छाती होती? राक्षसाच्या दाढीवर सरबत सांडलं. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं, एक डबा. भांडारवाल्या बाईंना म्हटलं, तुम्हीच ठेवा.

दात मी लावले नाहीत. टाकलेही नाहीत. ऑफिसात माझ्या खणात आहेत, पातळ कागदात. बाईंनी पार्टीच्या दिवशी सकाळी विचारलं, "अहो, ते सुंदर दात आलेत म्हणे, लावू या की." मी म्हटलं, बसत नाहीत. खोटंच सांगितलं. दात लावले असते तर बाईंना दिसलं नसतं, आणि मग मला त्यांना कमरेवर थापा मारून चालवावं लागलं असतं. ते मी करणार नव्हते. ते मी फक्त तिच्यासाठी केलं आहे. तेव्हा आपलं ते घट्ट धरून ठेवणारे तुम्ही एकटेच आहात असं समजू नका.

बोळक्या तोंडातून बाईंना सगळं दिसत होतं. त्या सरळ चालल्या, वळल्या, खुर्च्या टाळल्या, रोखपालांना मान डोलावून सलामही केला. मी मागे वाकून त्यांच्या मागोमाग. कोणी मला काही विचारलं नाही. डावीकडे का उजवीकडे, कोणाचे बूट आले, काही नाही. मी शिवणीतून जमीन बघत होते आणि वाटत होतं, आता मी खरंच शेपूट झाले. बाई आतून दोनदा म्हणाल्या, "मजा येतेय ना हो?" मी म्हटलं, येतेय.

आता तुमच्या पत्राचं.

ते मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं. "आपण पोहोचला असतात" ही ओळ मी इतक्यांदा वाचली की आता ती मला पत्र न उघडताही दिसते. मला तुमचा गळा धरावासा वाटला. खरं लिहिते. आणि त्याच वेळी असंही वाटलं की मी तिला नकोशी झाले नव्हते. सात महिने पोटात जो दगड होता तो गेला, आणि त्याच जागी दुसरा आला. तुम्ही एकाच पत्रात दोन्ही केलंत.

माफ केलं असं लिहायला बसले होते. शब्द उमटला नाही. तुम्ही मागितलेलं नाही ते बरं केलंत. म्हणजे नाही म्हणायचं माझं वाचलं.

पण मला एक हवं आहे. क्षमा वगैरे बाजूला राहू द्या.

ते एकोणीस दिवस तुमच्याकडे आहेत. तुमच्या एकट्याकडे. मला ते हवेत. एकेक दिवस लिहून पाठवा, पहिल्यापासून. काय खाल्लं, काय बोलली, कोणत्या कुशीवर झोपली, खिडकीतून काय दिसत होतं. माझ्याबद्दल काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलंत, ते तर हवंच. मला बरं वाटावं म्हणून काही गाळू नका. तुम्हाला लाज वाटते म्हणूनही गाळू नका. तुम्ही फट न ठेवणारे आहात ना, मग तसंच लिहा.

आणि आधीच सांगते. घोड्याच्या पोटात आम्ही काय बोलायचो ते मला विचारू नका. बदल्यात मागू नका. ते मी देणार नाही. आज नाही, कधीच नाही. ते माझं आहे.

शेपूट

---

२५ फेब्रुवारी

ताई यांस,

पत्र मिळालं. पोटातलं विचारणार नाही.

पहिला दिवस. सोमवार होता. सकाळी नऊला आम्ही रिक्षाने गेलो. ती स्वतःच्या पायांनी जिना चढली, मधल्या वळणावर थांबली, म्हणाली, "दम लागला नाही हो, भिंतीवरची पाटी वाचतेय." पाटीवर शांतता राखा एवढंच होतं. तिने ते बराच वेळ वाचलं.

खोली दुसऱ्या मजल्यावर. दोन खाटा, दुसरी रिकामी. भिंती फिकट हिरव्या, खालचा हातभर भाग गडद हिरवा. खिडकीतून कपडे धुण्याची जागा दिसायची, दोरीवर पांढऱ्या चादरी. ती म्हणाली, "एवढं कापड आपल्याला सहा वर्षांपूर्वी मिळालं असतं तर!" मी विचारलं, कशाला? म्हणाली, "असंच."

अकराला रक्त घेतलं. दुपारी पोळी अर्धी, वरण सगळं, भाजी ठेवली. दोन वाजता डाव्या कुशीवर झोपली, पावणेचारला उठली. उठल्यावर केस विंचरले आणि नीट बसली. मी म्हटलं, पड की. म्हणाली, "ऑफिस पाचला सुटतं. साडेपाचपर्यंत ती येईल." तिने नर्सला हाक मारून सांगितलं, "सिस्टर, इथे दोन खुर्च्या लागतील हो."

नर्सने दुसरी खुर्ची आणून ठेवली. लोखंडी होती, बसायला हिरवं रेक्झिन. तिने हात लांब करून ती खाटेजवळ ओढली, माझ्या खुर्चीपेक्षा जवळ.

साडेपाच झाले, सहा झाले. आपल्याला कोणी कळवलेलंच नव्हतं. कळवायचं काम तिने सकाळी माझ्यावर सोपवलं होतं.

सव्वासहाला ती तोंड धुवायला गेली. तेवढ्यात मी ती खुर्ची उचलून बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली. नर्सने विचारलं, "का हो, कोणी येणार नाही का?" मी म्हटलं, "नाही. मी एकटाच आहे."

ती परत आली. खाटेच्या त्या बाजूला पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

आपला